टूंटूंकाकांचा नवा चष्मा

मुलांनो, एक गंमत करून बघा. दोन्ही कानांत बोटं घट्ट घाला आणि तोंड मिटून हलकेच गुणगुणा. काय झालं? बाहेरचं जग लांब गेलं आणि तुमची स्वतःची गुणगुण मात्र डोक्यात घुमायला लागली. आता अशी कल्पना करा, की ती बोटं तुम्हाला काढताच येत नाहीत. शाळेत नाही, जेवताना नाही, अंथरुणात पडल्यावरही नाही. बाई फळ्याजवळ उभ्या राहून काहीतरी सांगताहेत, सगळा वर्ग खदखदून हसतोय, आणि तुम्हाला आपली तुमचीच गुणगुण ऐकू येते आहे.

या गोष्टीतल्या मुलीचं अगदी असंच होतं. लहानपणापासून कान फुटून फुटून तिच्या दोन्ही पडद्यांना भोकं पडली होती. बाहेरचे आवाज पुसट आणि आतले मोठे. म्हणून ती सारखी गुणगुणायची. तेवढा एकच आवाज तिला पुरता ऐकू यायचा ना! घरात तिचं नाव पडलं भुंगी, आणि मग शाळेत, शेजारीपाजारी, सगळीकडे तेच चिकटलं.

भुंगीचे बाबा रंगारी होते. नखांत कायम कुठल्या ना कुठल्या भिंतीचा रंग. लेकीला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलायची त्यांना इतकी सवय झाली होती, की दवाखान्यातही ते गच्चीवरून हाक मारल्यासारखे बोलायचे आणि नर्सबाई तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प करायच्या.

कानाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना तिथे सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे. उंचीला त्या लहानखुऱ्या. ऑपरेशनच्या वेळी त्यांची खुर्ची पार वरपर्यंत चढवावी लागे, तेव्हा कुठे त्यांचे डोळे दुर्बिणीला टेकत. पण बोलायला लागल्या की समोरच्याला वाटायचं, आपल्याशिवाय यांना आज दुसरं कामच नाही. पहिल्या भेटीत त्या भुंगीच्या अगदी समोर बसल्या, ओठ दिसतील असं तोंड तिच्याकडे करून बोलल्या आणि बोलता बोलता कागदावर कानाचं चित्र काढलं.

"हा पडदा. करंगळीच्या नखाएवढा. याला हे भोक. ते आपण बुजवायचं."

"म्हणजे आमच्यासारखंच की!" बाबा गरजले. "भिंतीला भोक पडलं की लांबी-पुट्टी भरायची, घासायची, वरून रंगाचा हात मारायचा. काम फत्ते!"

"अगदी तसंच," मॅडम हसल्या. "फक्त तुमची भिंत गप्प उभी राहिली की तुमचं काम झालं. माझी भिंत थरथरली पाहिजे. आवाज आला की पडदा हलतो. पडदा हलला की त्याच्यामागची तीन इवलीशी हाडं हलतात आणि आतल्या कानाला निरोप पोचवतात. मी जाड ठिगळ लावलं, तर भोक बुजेल पण पडदा हलायचा नाही."

"मग पातळ लावा."

"पातळ लावलं तर पुन्हा फाटायची भीती."

"मग हो?"

"मग तेच तर शोधतोय आम्ही."

आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. ठिगळं दोन प्रकारची. एक, कानाच्या वरच्या बाजूला स्नायूवर असतो तो पातळ पापुद्रा. दुसरी, कानाच्याच मऊ हाडाची तासून काढलेली चकती. दोन्ही ठिगळं डॉक्टर लोक वर्षानुवर्षं लावत आले होते, दोन्हींनी भोकं बुजत होती. पण मुलांना जास्त ऐकू कशानं येतं, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. म्हणून ठरलं होतं, की चिठ्ठी टाकायची. काही मुलांना पापुद्रा, काहींना चकती. कोणाला काय लावलं ते सगळ्यांच्या तपासण्या संपेपर्यंत उघड करायचं नाही. आधी एकच कान करायचा. उत्तर मिळालं, की जे ठिगळ सरस ठरेल ते दुसऱ्या कानाला.

"तुम्हाला काय वाटतं, मॅडम? तुम्ही एवढे कान शिवलेत," बाबांनी विचारलं.

"मला वाटतं चकती बरी. पण मला वाटणं वेगळं आणि तसं खरंच असणं वेगळं. म्हणून तर एवढा खटाटोप." मग त्या भुंगीकडे वळल्या. "तुझी तयारी आहे का गं? तू नाही म्हणालीस तरी तुझा कान मी तितक्याच मनापासून दुरुस्त करीन. चिठ्ठीशिवाय."

एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला असं काही विचारावं, याची भुंगीला सवय नव्हती. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा छताचे पोपडे बघत होते. हा निर्णय तुझा तूच घे, असा त्याचा अर्थ. भुंगीनं मान हलवली.

ऑपरेशन झालं. उजव्या कानामागे टाके, डोक्याला पांढरी पट्टी. तपासणीच्या दिवशी व्हरांड्यातल्या लांब बाकावर अशी पट्टीवाली, नुकतीच पट्टी सुटलेली आणि पट्टी सुटून बरेच दिवस झालेली मुलं ओळीनं बसायची. नर्सबाई त्यांना पलटण म्हणायच्या. पलटणीत दोन पक्ष पडले होते. आपल्या कानात काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, तरी निम्मी मुलं पापुद्र्याच्या बाजूनं आणि निम्मी चकतीच्या बाजूनं तावातावानं भांडायची.

व्हरांड्याच्या टोकाला तपासणीची खोली. तिचं दार गोदामाच्या दारासारखं जाड. आत भिंतींना स्पंजाची टोकं टोकं, मधोमध एक खुर्ची, आणि समोर काचेची खिडकी. काचेपलीकडे मशीनपाशी बसायचे टूंटूंकाका. खरं म्हणजे ते ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, भरपूर शिकलेले. पण त्यांच्या मशीनमधून टूं, टूं असे आवाज येतात म्हटल्यावर पलटण त्यांना दुसरं काय म्हणणार? मुलानं कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण धरायचं, आणि आवाज आला की दाबायचं. मोठा आवाज, मग लहान, मग त्याहून लहान. जिथे ऐकू यायचं थांबलं, तिथे काका कागदावर खूण करत.

कोणाला कुठलं ठिगळ लावलंय हे टूंटूंकाकांनाही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये म्हणून ते इतके जपायचे की बघणाऱ्याला हसू यावं. एखादं पोरगं दारातून ओरडलं, "काका, मला चकती लावलीय, चकती!" की काका पटकन स्वतःच्या कानांत बोटं घालून मोठ्यानं गाणं म्हणायला लागत. दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासणारा माणूस कानांत बोटं घालून भसाड्या आवाजात गातोय, हे बघायला पलटण मुद्दाम तसं ओरडायची.

"अहो, मुलं उगाच बोलतात, त्यांना कुठे काय माहीत," नर्सबाई म्हणायच्या.

"असू दे. एकदा का माझ्या मनात आलं की हा चकतीवाला, की माझा हात नकळत त्याच्या बाजूनं झुकेल. माझ्या हातावर माझाच भरवसा नाही."

पट्टी सुटल्यावर भुंगीची पहिली तपासणी होती, त्या दिवशी तिच्या आधी पोपटी फ्रॉकवाली एक छोटी मुलगी आत गेली. ती बाहेर आली, मागून मोठ्या मॅडम आल्या आणि सरळ फरशीवर तिच्याशेजारी बसल्या. तिचं ठिगळ फाटलं होतं. मॅडम तिच्याशी हसून बोलत होत्या, पण मुलगी आईबरोबर गेल्यावर त्या तशाच बसून राहिल्या, कपाळाला हात लावून. भुंगीनं तो चेहरा पाहिला. नर्सबाई कोणाला तरी म्हणत होत्या, त्यांच्या ओठांवरून तिला एवढंच कळलं, की टेस्ट खराब आली. खराब आली म्हणजे मॅडम नापास झाल्या, असं भुंगीनं मनाशी जुळवलं. आणि तिनं ठरवलं, काही झालं तरी मॅडमचा चेहरा आपल्यामुळे असा पडता कामा नये.

खुर्चीत बसल्यावर तिला पहिले आवाज छान ऐकू आले. आधीपेक्षा कितीतरी छान! मग ते बारीक होत गेले आणि नाहीसे झाले. भुंगी घाबरली. तिनं काचेतून काकांकडे पाहिलं, आणि तिला दिसलं, की काकांच्या नाकावर नवा कोरा चष्मा आहे, चांगल्या मोठ्या गोल काचांचा. त्या काचांत एक हिरवा ठिपका लुकलुकतोय. काका आवाज सोडत तेव्हा त्यांच्या मशीनवर एक दिवा लागत असे. तो मशीनच्या काकांकडच्या, भुंगीला न दिसणाऱ्या बाजूला होता. पण चष्म्यात दिसत होता, एकदा सोडून दोनदा, प्रत्येक काचेत एक. ठिपका लागला, भुंगीनं बटण दाबलं. पुन्हा लागला, पुन्हा दाबलं.

कागद बघून मॅडमचा चेहरा असा उजळला, की भुंगीला वाटलं आपण काहीतरी फार मोठं काम केलं. बाबांनी तर सगळ्या व्हरांड्याला ऐकवलं, "ऐकलंत का! माझ्या लेकीला आता मुंगी चाललेली ऐकू येते!"

वर्गात मात्र बाईंचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत अर्धंमुर्धंच पोचत होतं. ते भुंगीनं कोणाला सांगितलं नाही.

आणि एवढ्यावर ती थांबली असती तर गोष्ट वेगळी. पण भुंगी मनानं उदार. आपल्याला सापडलेली युक्ती एकटीनं वापरायची म्हणजे काय? पुढच्या तपासण्यांना बाकावर बसल्या बसल्या तिनं ती पलटणीला शिकवली. कमी ऐकू येणाऱ्या मुलांत कुजबुजायची सोय नसते. त्यांनी हातवाऱ्यांची आपली एक भाषाच बनवली होती. भुंगीनं बोटांचे दोन गोल करून डोळ्यांना लावले, काकांच्या खोलीकडे बोट दाखवलं, डोळे मिचकावून ठिपका लुकलुकवला आणि अंगठ्यानं बटण दाबून दाखवलं. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत युक्ती गेली, आणि शेजारी बसलेल्या एकाही आईबापाच्या कानावर काही पडलं नाही. पापुद्रा पक्ष आणि चकती पक्ष यांचं एवढ्या एका बाबतीत झटकन एकमत झालं.

टूंटूंकाकांनी ते गोल पाहिले होते. त्यांना वाटलं, पोरं आपल्या नव्या चष्म्याची नक्कल करताहेत. खेळकर माणूस! त्यांनीही हसून डोळ्यांना बोटांचे गोल लावून दाखवले.

भुंगीची पुढची तपासणी आली. ठिपका लागत होता, ती दाबत होती. मध्येच काका थांबले. बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग उठून आत आले, म्हणाले, "जरा उठ बघू," आणि भुंगीच्या खुर्चीत स्वतः बसले. हेडफोन चढवला, नर्सबाईंना मशीनपाशी बसवलं, एक बोट वर करून तोच आवाज सोडायला सांगितलं. नर्सबाईंनी सोडला. काका डोळे मिटून बसले होते. पुन्हा सोडला. काकांनी बटण दाबलं नाही. तिसऱ्यांदाही नाही. ते उठले, भुंगीला पुन्हा बसवलं, आपल्या जागी गेले आणि मशीनच्या मागे वाकून काहीतरी केलं.

चष्म्यात ठिपका लागला. भुंगीनं दाबलं. ठिपका लागला. दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा काकांनी हळूच एक हात वर केला. त्या हातात हेडफोनची काळी वायर होती. वायरीचं टोक मोकळं लोंबत होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

भुंगीनं बटणावरचा अंगठा काढला.

मोठ्या मॅडम आल्या, बाबा आले, दार लागलं. काकांनी काय झालं ते सांगितलं. "चूक माझी आहे, मॅडम. चष्मा माझा. नवी काच चढवली आणि खुर्ची तशीच समोर ठेवली. एवढी काळजी घेतली, आणि दिवा माझ्याच नाकावर लावून बसलो. गेले काही आठवडे एकामागून एक मुलं मशीनचा तळ गाठताहेत. एवढा बारीक आवाज मला स्वतःला येत नाही, आणि यांना येतोय! आज मात्र मन मानेना."

"अरे देवा," बाबा चक्क हळू आवाजात म्हणाले. भुंगीनं त्यांचं हे बोलणं ओठांवरूनच ओळखलं.

मॅडम रागावतील म्हणून ती खाली बघत राहिली. मॅडमनी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसल्या आणि तिची हनुवटी वर केली, ओठ दिसावेत म्हणून.

"का गं केलंस असं?"

"तुम्ही नापास झाल्या असत्या."

"मी?" मॅडमना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "त्या पोपटी फ्रॉकवालीच्या वेळी मी बसले होते, ते तू बघितलंस?"

भुंगीनं मान हलवली.

"वाईट वाटलं होतं मला. खूपच. पण ऐक. तिचं ठिगळ एका कडेनं सुटलं होतं. ते मला कळलं म्हणून पुढच्या प्रत्येक मुलाच्या वेळी मी ती कड आणखी जपून बसवायला लागले. तुझ्यानंतर ज्यांचे कान केले त्यांना त्याचा उपयोग झाला. तिची टेस्ट खरी होती ना, म्हणून. इथे ना तुझी परीक्षा चाललीय, ना माझी. परीक्षा आहे पापुद्र्याची आणि चकतीची. त्यातलं एक कमी पडलं तर पडू दे की! तेच तर शोधायचंय."

मॅडमनी तिच्या डाव्या कानाला बोट लावलं.

"आता मला सांग, तुझ्या डाव्या कानात मी काय लावू? सगळ्यांनी तळ गाठला, तर दोन्ही ठिगळं सारखीच भारी. मग मी डोळे मिटून हाताला लागेल ते उचलू? तुझ्या कानाला? त्या सगळ्यांच्या कानांना?"

हे मात्र भुंगीच्या डोक्यात आलंच नव्हतं. डावा कान. बाकावरच्या प्रत्येकाचा एकेक कान अजून व्हायचा होता. तिला एकदम रडू फुटलं.

"आणखी कोणाकोणाला शिकवलंस?" काकांनी विचारलं.

तिनं बोटांचे दोन गोल करून डोळ्यांना लावले आणि रडत रडत दाराबाहेरच्या बाकाकडे हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

काका बघतच राहिले. "म्हणजे ते गोल... आणि मी उलट त्यांना गोल करून दाखवत होतो!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बाबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मॅडमनाही आलं, पण त्या लगेच गंभीर झाल्या.

"नवा चष्मा आल्यापासूनच्या सगळ्या तपासण्या बाद," त्या म्हणाल्या.

"सगळ्या," काका म्हणाले. "पुन्हा घेऊ. रोज थोडा जास्त वेळ बसेन मी. वरच्या लोकांना जे झालं ते जसंच्या तसं कळवू."

"उत्तर लांबणार."

"लांबू दे. खरं तर येईल."

दोघं अशी शांतपणे बोलत होती, जणू सांडलेलं पाणी पुसायचं होतं. भुंगी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. यांची एवढी मेहनत आपण पाण्यात घातली, आणि यांनी एकमेकांवरही दात खाल्ले नाहीत. मोठेपणी आपल्याला असं होता येईल का, असं काहीसं तिच्या मनात आलं. तिला ते शब्दांत सांगता आलं नसतं.

"अवघड काम वेगळंच आहे," मॅडम म्हणाल्या. "बाहेर त्या सगळ्यांना वाटतंय आपण पहिले आलो. त्यांच्या आईबापांनी घरोघरी सांगितलं असणार. त्यांना जाऊन सांगायला हवं. चल, मी सांगते."

भुंगीनं फ्रॉकच्या बाहीला नाक पुसलं.

"मी सांगते," ती म्हणाली.

"तुझं नाव नाही आलं तरी चालेल गं. चष्म्यामुळे झालं, एवढं सांगितलं तरी पुरे."

"शिकवलं मी. चष्म्यानं नाही."

ती व्हरांड्यात गेली आणि बाकासमोर उभी राहिली. आधी हातवाऱ्यांनी सांगितलं, पलटणीसाठी. मग तोंडानं सांगितलं, आईबापांसाठी.   एका आईनं पोराचा कान धरायला हात उचलला, आणि कुठला कान केलाय ते आठवून खाली घेतला. चकती पक्षाची पुढारी, वेणीवाली दांडगी मुलगी, उठून पुढे आली.

"तूच शिकवलंस ना आम्हाला?"

"हो. मीच."

"मग आता काय करायचं?"

"आता मी पहिली बसते. काकांकडे पाठ करून. माझा खरा कागद येईल तो सगळ्यांनी बघायचा. हसायचं असेल तर हसा."

वेणीवालीनं हातानंच सगळ्या पलटणीला उठवलं आणि खोलीकडे वळवलं.

काकांनी खुर्ची फिरवून तिचं तोंड स्पंजाच्या भिंतीकडे केलं होतं. भुंगी तिच्यात जाऊन बसली. हेडफोन चढवला, बटण हातात घेतलं. मागे काचेपलीकडे काकांच्या खांद्यांवरून सगळी पलटण वाकून बघत होती, हे तिला माहीत होतं. पण तिनं मान वळवली नाही. पहिले काही आवाज स्पष्ट आले, तिनं दाबले. मग ते बारीक झाले, आणि मग काहीच नाही. आत्ता काका आवाज सोडत असतील का? मागे दिवा लागत असेल का? अंगठा शिवशिवत होता. तिनं तो बटणावरून उचलून धरला आणि तशीच बसून राहिली.

मग उजव्या कानात, अगदी लांबून, सुईच्या टोकाएवढा एक आवाज आला. खरंच आला. भुंगीनं डोळे मिटले, तो पुन्हा येईपर्यंत थांबली, आणि बटण दाबलं.